निकाल शर्यतीचा, सोय बुकीची

लालबागला राहणाऱ्या माझ्या भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, ‘मामा, मग फोनवरून पैज लावायला हरकत नाही ना?’ संदेशाचे म्हणणे असे की, घोड्यांवरची पैज जुगार नाही असे सर्वोच्च न्यायालयानेच ठरवल्यामुळे ती कुठेही, कोणाकडेही लावता येते. सरकारला त्यातून कर मिळत नाही. आणि याविषयीचे कायदे सरकारने ब्रिटिशकाळापासून धूळ खात ठेवले आहेत.

पहिला दावा सर्वांत घातक आहे. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असे १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात न्यायालयाने म्हटले, हे खरे. परंतु तो वाद तामिळनाडू सरकारने मद्रास रेस क्लब ताब्यात घेण्यासाठी केलेल्या कायद्याचा होता, गल्लीतल्या बुकीला, म्हणजे पैजा घेणाऱ्याला, अभय देण्याचा नव्हे. मुंबईला लागू असलेला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा पैज लावणे जुगाराच्या व्याख्येतच धरतो आणि घोड्यांच्या शर्यतीला जी सूट देतो ती अटी घालून: पैज शर्यतीच्या दिवशी, १९१२ च्या रेसकोर्स परवाना कायद्याखालील मैदानात राखलेल्या आवारात किंवा सरकारमान्य जागी, परवानाधारक बुकीकडे अथवा टोटवर, म्हणजे सगळ्यांच्या पैजा एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या यंत्रणेवर, लावलेली हवी. म्हणजे महालक्ष्मी रेसकोर्सच्या खिडकीवर तिकीट काढणारा या सवलतीत बसतो, तर त्याच दुपारी, त्याच घोड्यावर, टपरीमागे चिठ्ठी लिहून देणाऱ्याकडे पैसे लावणारा बसत नाही. संदेश लिहिणाऱ्याने निकालाचे एक वाक्य उचलले आणि कायदा उघडलाच नाही.

कराबद्दलचा दावा तर हास्यास्पद आहे. ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये ४० टक्के झाला. कर बुडतो तो विनापरवाना बुकीकडे, म्हणजे संदेश ज्याची वकिली करतो त्याच्याचकडे.

सरकारच्या दिरंगाईचा आरोप मात्र नाइलाजाने अर्धा मान्य करावा लागतो. कॅसिनोंविषयीचा १९७६ चा कायदा राज्याने कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द केला. एवढ्या काळात त्याचा कागदही पिवळा पडला असेल. पण कायदा जुना असणे म्हणजे तो मेलेला असणे नव्हे, आणि पैज व जुगार हा विषय घटनेने राज्यांच्या सूचीत ठेवलेला असल्याने जाब विचारायचा तो विधिमंडळाला.

राहिली संदेशाखाली दिलेली पैज लावायच्या अ‍ॅपची लिंक. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या २०२५ च्या केंद्रीय कायद्याने खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेदच मोजलेला नाही, त्यामुळे १९९६ चा निकाल नेमक्या त्याच लिंकवर चिकटवणे म्हणजे निव्वळ फसवणूक आहे.