उठा म्हणे!

चार म्हातारी माणसं एकेक कॉफी घेऊन तासभर बसली तर कोणाचं काय जातं हो? कोपऱ्यावरच्या बर्गरवाल्याकडे कप अर्धाही संपत नाही, तोच पोरगा फडकं घेऊन हजर! पाय उचला, काका. अजून काही घेणार का, काकू? न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमध्ये तर २०१४ साली मॅकडोनाल्ड्समधून कोरियन आजी-आजोबांना उठवायला चक्क पोलीस बोलावले होते. भिंतीवर पाटी, २० मिनिटांत खाणं संपवा! अहो, जायचं कुठे त्यांनी? बागेला दुपारी कुलूप, वाचनालयात बोलायची बंदी, घरी सगळे कामावर. जाहिरातीत मात्र 'सगळे मिळून या'! आलेल्यांना मग हाकलता कशाला? दुपारी निम्मी टेबलं रिकामीच असतात ना? बसू द्या की त्यांना!