एकटेच निघालात?

नवी मोटारगाडी घेणाऱ्याला लोक मायलेज विचारतात. नवी शिडाची होडी घेऊन ती मुंबईहून रेवदंड्यापर्यंत एकट्याने नेणार असल्याचे सांगणाऱ्याला मात्र, घरी सगळे ठीक आहे ना, असे खालच्या आवाजात विचारले जाते. सोबत मिळाली नाही म्हणून माणूस एकटा जातो, ही आपल्याकडची पक्की समजूत आहे, आणि मग जो तो सोबतीची सोय करू लागतो. मामांनी एक पोहणारा भाचेजावई सुचवला. कॅप्टन दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, हे मी निदर्शनास आणून दिले, तेव्हा मामा म्हणाले, “त्यांना नौदलाचा पगार होता.”

दिवस ठरवताना आईचा आणि माझा वाद झाला, आणि तो एकाच पंचांगावरून झाला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे. नवमीला तो पावणेसात येतो. म्हणजे सूर्योदयाच्या सुमारास ओहोट लागून ती मला बंदराबाहेर काढून देणार, दुपारी एकच्या पुढे भरती लागून तीच मला रेवदंड्याच्या खाडीत घेणार, आणि अष्टमी-नवमीला भांगाची भरती असल्यामुळे पाण्याचा जोरही बेताचा राहणार. याहून चोख मुहूर्त मला सुचत नव्हता. परंतु नवमी ही रिक्ता, म्हणजे शुभकार्याला वर्ज्य, तिथी असल्याने आईने ती साफ नाकारली. शेवटी तडजोड म्हणून सप्तमीलाच तांदूळ आणि सुपारी शेजारच्यांकडे नेऊन माझे प्रस्थान ठेवण्यात आले, त्यामुळे शास्त्राप्रमाणे मी दोन दिवस आधीच प्रवासाला लागलो होतो आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीशेजारी मुक्कामाला होतो.

पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून येतो, आणि हिवाळ्यात तो इतका शहाण्यासारखा वागतो की शीड चढवून सुकाणूचा दांडा रबरी दोरीने बांधला, की आपल्याला नौकानयन येते असा समज व्हायला वेळ लागत नाही. माझा हा समज प्रॉन्ग्स दीपगृह मागे पडेपर्यंत टिकला. पुढे डोल जाळ्यांचा प्रदेश लागला. बोंबलांसाठी प्रवाहात रोवलेली ही जाळी पाण्याखाली असतात आणि वर दिसतात ते फक्त प्लास्टिकचे कॅन, तेही सूर्य समोर असताना दिसत नाहीत. एका डोळ्याने कॅन, दुसऱ्याने शीड आणि मनाने थर्मासमधला चहा बघत असताना एक मच्छीमार होडी जवळ आली. तीवरच्या वयस्क नाखव्याने माझ्या होडीची नाळेपासून सुकाणूपर्यंत पाहणी केली, आत आणखी कुणी झोपले आहे का तेही वाकून पाहिले, आणि मग विचारले, “एकटाच?” माझ्या होकारावर त्याने काही न बोलता पिशवीभर ताजी कोळंबी माझ्याकडे फेकली. ती सहानुभूती होती, हे मला बऱ्याच वेळाने कळले.

खांदेरीजवळ वारा पडला. मतलई संपतो आणि समुद्रावरचा वारा सुरू होतो, यांच्या मधल्या वेळेत पाणी तव्यासारखे तापते आणि शीड नुसते लोंबते. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा अडवायला आलेल्या इंग्रजांची मोठी जहाजे अशीच वाऱ्याविना खोळंबत आणि मायनाक भंडाऱ्याच्या लहान होड्या वल्ही मारत त्यांच्या नाकासमोरून रसद नेत. लहानपणापासून मी या गोष्टीत स्वतःला मराठ्यांच्या बाजूला धरत आलो होतो. त्या दिवशी प्रथमच इंग्रजांची बाजू लक्षात आली. मराठ्यांच्या प्रत्येक होडीत वल्ह्यांना पुरतील इतकी माणसे होती, हेही त्याच वेळी लक्षात आले आणि भाचेजावई आठवला.

दुपारी वायव्येचा वारा भरला आणि होडी जी पळाली ती थेट कोर्लईच्या डोंगरापर्यंत. येथे खरी परीक्षा होती. खाडीत शिरण्यासाठी पूर्वेकडे वळायचे म्हणजे पाठीमागचा वारा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घ्यायचा, आणि त्या क्षणी शिडाखालचा आडवा बूम डोक्याच्या उंचीवरून अशा वेगाने फिरतो की खाली न वाकणाऱ्याला तो कायमचा झोपवतो. सुकाणू वळवणे, मेनसेलचा, म्हणजे मोठ्या शिडाचा, दोर खेचून आत घेणे, बूम फिरताच तो सैल सोडणे, जिब, म्हणजे पुढचे लहान शीड, पलीकडे ओढणे आणि डोके खाली घालणे, ही कामे दोन हातांची नव्हेत. नेमका त्याच वेळी फोन वाजला. किनाऱ्यालगत सगळीकडे नेटवर्क मिळते, ही एकट्याने प्रवास करणाऱ्याची मोठी गैरसोय आहे. खिशातला फोन काढायला खाली वाकलो आणि बूम डोक्यावरून निघून गेला.

फोन आईचा होता. माझ्यानंतर चार-पाच तासांनी निघून, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसकट मांडव्याला उतरून, अलिबागमार्गे सगळे कुटुंब रेवदंड्याला केव्हाच पोहोचले होते आणि जेवूनही झाले होते. नांगर टाकून मी किनाऱ्यावर आलो तेव्हा मामा, मामी, आई आणि भाचेजावई ओळीने उभे होते. मामींनी कोळंबीची पिशवी ताब्यात घेतली. परतीला वायव्येचा वारा समोरून येणार, होडी नागमोडी न्यावी लागणार आणि ते एका माणसाचे काम नाही, एवढे मामांनी तोवर धक्क्यावरच्या लोकांकडून माहीत करून घेतले होते. भाचेजावयाने आपली बॅग सोबतच आणली होती.