गल्लीतल्या दुकानात भाचा आढळल्यास

गेली एकोणीस वर्षं ज्या दुकानातून मी किराणा भरतो, तिथं मागच्या आठवड्यापासून माझी उधारी बंद झाली आहे. वहीतलं माझं पान लाल शाईनं आडवं खोडलंय. नुसती उधारी गेली असती तर एक वेळ चाललं असतं, पण चिरमुरे मागितले तरी "संपलेत" म्हणून सांगतात, आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला माझ्यादेखत मापून देतात. माझ्या हातून एक चूक झाली. तुम्ही बेळगावात, खानापुरात, निपाणीत, कुठंही राहत असलात तरी असा प्रसंग तुमच्यावर येणारच. तेव्हा तुम्ही शहाण्यासारखं कसं वागावं, ते अनुभवावरून सांगून ठेवतो.

सगळ्यात आधी, घड्याळ बघायची सवय सोडा. माझी चूक तिथंच सुरू झाली. दसऱ्याच्या सुट्टीत दुकानात एक पोरगं दिसायला लागलं. अकरा-बारा वर्षांचं असेल. साखर बांधायचं, शेंगदाणे पाखडायचं. सुट्टीच आहे म्हटल्यावर मी काही बोललो नाही. सुट्टी संपली, दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली, आणि एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी कोलम घ्यायला गेलो तर पोरगं पंधरा किलोचा तेलाचा डबा पोटाशी धरून आतल्या खोलीतून बाहेर येत होतं. मंगळवार, सकाळचे अकरा. शहाणा माणूस म्हणाला असता, काय हुशार पोरगं आहे! मी मूर्ख, मी विचारलं, "आज शाळा नाही काय रे?"

पोरानं माझ्याकडं बघितलं नाही. त्यानं गल्ल्याकडं बघितलं.

गल्ल्यावरून उत्तर आलं, "भाचा आहे हो आमचा. मदत करतंय."

वयाबद्दल तर विचारूच नका. आमच्याकडं दुकानात काम करणारं प्रत्येक पोरगं अंगानं बारीक आणि वयानं मोठं असतं.

आता भाचा या विषयावर जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्या भागातली निम्मी दुकानं भाच्यांवर चालली आहेत. चहाच्या गाड्यावर भाचा, गॅरेजात भाचा, मंडईत टोमॅटोच्या क्रेटमागं भाचा. बहिणी एवढ्या आणि त्यांना पोरं एवढी, तरी शाळांना म्हणे मुलं मिळत नाहीत! हा भाचा आला कुठून? तो कायद्यातून आला. बालकामगारांचा कायदा १९८६ चा. २०१६ साली तो बदलला आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायचं नाही, असं ठरलं. बरं झालं. पण त्याच दमात एक दार किलकिलं ठेवलं: घरच्या धंद्यात मुलानं मदत केलेली चालेल, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि काम धोक्याचं नसेल तर. घरचं म्हणजे कोण? आई, बाप, भाऊ, बहीण, काका, आत्या, मामा, मावशी. गंमत बघा, आजा-आजी त्या यादीत नाहीत. आज्ज्याच्या दुकानात बसलेला नातू अडचणीत, आणि मामाच्या दुकानातला भाचा कायदेशीर. कायद्यात मामा घातला आणि मामांनी कायद्यालाच मामा बनवलं.

लोक म्हणतात, दुकानदारांना कायदा कळत नाही. कोण म्हणतो कळत नाही? नात्यांची यादी त्यांना तोंडपाठ आहे. त्यांना पाठ नाहीत ते त्यापुढचे नियम. २०१७ च्या नियमांत लिहिलंय की शाळेच्या वेळात मुलाला कामाला लावायचं नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ लावायचं नाही, दिवसाला तीन तासांच्या वर लावायचं नाही. आमच्या गल्लीतला भाचा सकाळी सव्वासातला शटर वर करत होता आणि रात्री साडेनऊला खाली ओढत होता. मधे दुपारी पोत्यावर बसून जेवायचा. आणि मामाला मामा म्हणत नव्हता, सावकार म्हणत होता. "सावकार, बेळे खाली आग्यद." डाळ संपली, हे सख्खा भाचा सख्ख्या मामाला कानडीत सांगतो, आणि मामाच्या घरात तीन पिढ्यांत कुणी कानडी बोललेलं मी ऐकलं नाही. असो. बहीण लांब दिली असेल.

मामाकडं राहून शिकणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे, मला ठाऊक आहे. खानापूरकडची, चंदगडकडची किती तरी पोरं शहरात मामाकडं राहून मॅट्रिक झाली. माझ्या वर्गात तिघं होती. मीही बापाच्या कापडाच्या दुकानात बसलोय, शाळेतून आल्यावर, चहा-भाकरी खाऊन, साडेपाच ते सात. मीटर-वार करताना माझे अपूर्णांक पक्के झाले, हे मी आजही सांगतो. पण दप्तर आधी होतं, मग दुकान. सकाळी अकराला बापानं मला दुकानात पाहिलं असतं तर त्याच वारपट्टीनं सोललं असतं. तेव्हा "आम्ही पण लहानपणी दुकानात काम केलंय की" असं जे तुम्ही छाती फुगवून सांगता ना, ते मला सांगू नका. तुम्ही गल्ल्यावर बसला होता. गल्ल्यावर बसणं वेगळं आणि डबे उचलणं वेगळं.

आणि सावकारांना स्वतःचा मुलगा आहे. साधारण त्याच वयाचा. तो इंग्रजी माध्यमात जातो. सव्वाआठला व्हॅन येते. दप्तर जड असतं म्हणून ते दुकानापासून व्हॅनपर्यंत कोण नेऊन ठेवतं, ओळखा. मी रोज दूध आणायला जाताना ते बघत होतो. एका पोराच्या खांद्यावर दुसऱ्या पोराचं दप्तर, आणि दप्तरवाला पुढं हात हलवत मोकळा. भाऊच की ते एकमेकांचे, आते-मामे! मग आत्याच्या पोराला एक दप्तर का नाही? बुकं-युनिफॉर्म सरकार देतं, दुपारी जेवण देतं, फी नाही. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळा हा हक्क आहे, २०१० पासून कायदा लागू आहे, आणि शाळा दुकानापासून चालत सात मिनिटांवर आहे. मी चालून बघितलंय.

जरा आवाज चढला. सल्ल्याकडं वळतो.

तक्रार करावी असं मनात आलंच, तर आधी गल्लीचा सल्ला घ्या. यानं दोन फायदे होतात: तक्रार लांबते, आणि दुकानदाराला ती वेळेवर कळते. मी सहा जणांना विचारलं. वकीलसाहेब म्हणाले, पुरावा काय? मास्तर म्हणाले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, मला यात घेऊ नका. तिसऱ्यानं विचारलं, "त्याच्या घरची चूल तुम्ही पेटवणार काय?" चौथा म्हणाला, दुकानातून काढलं तर पोरगं नादाला लागेल, आता निदान धंदा शिकतंय. (बारा तास साखर बांधून पोरगं कुठला धंदा शिकतं? पुडी बांधायचा. तोही आता प्लॅस्टिकनं खाल्ला.) शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बिचारं गुणी आहे हो, उलट बोलत नाही." आणि सहावा गप्प राहिला. सावकारांच्या कानावर घातलं ते त्यानंच, असा मला दाट संशय आहे.

बारा जूनला बालकामगार विरोधी दिन असतो. त्या दिवशी व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवा आणि तेरा तारखेला काढा.

आणि काहीच सुचलं नाही, तर भाषेचा मुद्दा करा. सीमाभागात हे औषध कशावरही लागू पडतं. गुडघा दुखला तरी लागू पडेल. मला समजावायला आलेल्या दोघांनी हेच काढलं. "तुम्ही मराठी, तो मराठी. आधीच इथं आपली दुकानं मोजकी उरलीत. आपल्या माणसाची तक्रार करता? आणि ती पण कुणाकडं, तर कर्नाटकाकडं?" दुसऱ्याचं म्हणणं त्याहून खोल होतं. म्हणाला, पोरगं कानडी आहे, म्हणजे उद्या ते लोक ओरडणार की मराठी दुकानदारानं कानडी पोराला राबवलं. मग मोर्चा, मग बसला काळं, मग कोल्हापूरच्या गाड्या बंद. एवढं सगळं तुमच्या एका फोनपायी!

मी पण काळ्या दिनाच्या फेरीत चाललोय, दंडाला काळी फीत बांधून, एक नोव्हेंबरला. मला कुणी मराठीपण शिकवू नये. १९५६ पासून आपण भांडतोय. २००४ साली महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तेव्हा हे पोरगं जन्मालाही आलं नव्हतं, आणि दाव्याची गती बघता निकाल लागेपर्यंत त्याचा पोरगा कुणाचा तरी भाचा होऊन साखर बांधत असेल. पण हा कायदा दिल्लीचा आहे हो! बेळगावात जो, तोच शिनोळीवरून पलीकडं महाराष्ट्रात गेलात तरी. सीमाप्रश्न सुटला तरी तेलाचा डबा पंधरा किलोचाच राहणार आहे.

तिकडचेही काही कमी नाहीत. पाटीवर कानडी साठ टक्के आहे की पन्नास, हे मान वर करून बघायला माणसं येतात. पाटीच्या बरोबर खाली पोरगं उभं असतं. मान जरा खाली केली असती तर दिसलं असतं. डिसेंबरात तर अख्खं कर्नाटक सरकारच बेळगावजवळ हलग्याला अधिवेशनाला येतं. बंदोबस्तावरच्या माणसांना टपरीवर चहा कोण आणून देतो, तेही कधी तरी बघून या. तिथला पण भाचाच असेल.

बरं, आता सरळ बोलतो, कारण उपरोधानं बोलायला माणूस सुखात असावा लागतो.

तक्रार करायची असते. १०९८, मुलांच्या मदतीचा फोन नंबर. चोवीस तास लागतो, फुकट आहे, तुमचं नाव गुप्त ठेवतात. नाव न सांगताही सांगता येतं. चौदाच्या आतलं पोरगं ठेवलं तर सहा महिने ते दोन वर्षं कैद, नाही तर वीस ते पन्नास हजार दंड, नाही तर दोन्ही. पोलिसांना वॉरंट लागत नाही. तो खरंच भाचा आहे की नाही, ते शोधायचं काम तुमचं नाही. त्याचं पुढं काय करायचं, घरी पाठवायचं की वसतिगृहात ठेवायचं, ते ठरवायला प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती आहे. तुमचं काम एवढंच, की मंगळवारी सकाळी अकराला जे डोळ्यांनी दिसलं ते तोंडानं सांगायचं. तेवढं आपल्याच्यानं होत नाही. गॅसची टाकी उशिरा आली तर आपण तीन फोन करतो.

मला सोळा दिवस लागले. सोळा! उधारीची सोय जाईल, बायको रागावेल, गल्लीत तोंड कसं दाखवू, याचा विचार करत सोळा दिवस मी त्याच दुकानातून, त्याच पोराच्या हातून साखर घेत होतो. "जरा मापात टाक रे," असं एकदा वर बोललो पण.

शेवटी माणसं आली, पोराशी बोलली, त्याला घेऊन गेली. आता गल्लीला कळवळा आलाय. वहिनी परवा जिन्यात मला अडवून म्हणाल्या, "कुठं असेल हो ते लेकरू? जेवलं तरी असेल काय? तुम्ही उगाच केलंत." वहिनी, ते लेकरू अडीच महिने तुमच्या दारासमोर उभं होतं. तेव्हा जेवलं काय, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत? "ए पोरा, अर्धा किलो रवा" यापलीकडं तुम्ही त्याच्याशी काय बोललात?

मीही काही बोललो नव्हतो. फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी दुकान कुठं, कोपरा कुठला, पोरगं किती वाजता असतं, सगळं नीट लिहून घेतलं. त्या थोडं हिंदीत, मी थोडं कानडीत. मग त्यांनी विचारलं, "हुडुगन हेसरेनु?"

मुलाचं नाव काय. मी म्हटलं, थांबा, आठवून सांगतो.