टनाचे पैसे सरकार देत नाही, दाजी

गळीत हंगाम जवळ आला की मोबाईलवर एक मजकूर हटकून फिरायला लागतो. यंदाही आला: ‘कोल्हापूरच्या ऊसवाल्याला सरकार टनाला साडेतीन हजार देतं, वर वर्षाला बारा हजार, कर्ज माफ, खत स्वस्त, वीज फुकट. टॅक्स मात्र नोकरदारानं भरायचा.’ मला पाठवला आमच्या दाजींनी. कोल्हापूर शहरात राजारामपुरीत राहतात, दिवाळीला सभासद साखर (कारखाना ऊसवाल्या सभासदाला देतो ती) आमच्याकडनंच नेतात.

आधी ते साडेतीन हजार. हा आकडा एफआरपीचा, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायच्या किमान दराचा. 2025-26 साठी केंद्रानं 10.25 टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे शंभर किलो उसातनं निघणारी साखर) टनाला 3,550 रुपये दर ठरवला. ठरवतं सरकार, देतो कारखाना, साखर विकून. रिक्षाचं भाडं परिवहन प्राधिकरण ठरवतं म्हणून मीटरचे पैसे प्राधिकरण भरत नाही. ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसे, नाहीतर 15 टक्के व्याज, असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. ते व्याज हातात पडलेला माणूस मला अजून भेटायचाय. शिवाय बिलातनं तोडणी-वाहतूक आधीच वजा. आणि उताऱ्याचा पाया, म्हणजे ज्या उताऱ्याला तो दर मिळतो तो, 2018-19 ला साडेनऊवरून दहा झाला, 2022-23 ला सव्वादहा. आपल्याकडं उतारा बारापर्यंत जातो, पण जादा पैसे मिळतात ते फक्त पायाच्या वरच्या उताऱ्याचे. म्हणजे ‘दर वाढला’ अशी बातमी येते तेव्हा पायरीही वर सरकलेली असू शकते.

यात दाजींच्या बाजूचंही थोडं आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलनं डिसेंबर 2021 मध्ये एफआरपीलाही सरकारी आधारच धरलं. भारतानं त्यावर अपील केलं. आणि 2019-20 ला साखर निर्यातीसाठी टनाला 10,448 रुपये खरोखर सरकारनं दिले. पण ते साखरेच्या टनाला, उसाच्या नव्हे, आणि कारखान्यांना, आमची थकबाकी भागवावी म्हणून.

बारा हजार? खरंय. केंद्राच्या पीएम किसानचे सहा, राज्याच्या ‘नमो’ शेतकरी योजनेचे सहा. सगळ्या घराला मिळून, म्हणजे तीन-चार टन उसाचं बिल. आयकर भरणाऱ्याला तेही नाहीत.

कर्जमाफीचं मात्र कोल्हापूरकराला सांगू नका. इथं गावच्या सेवा सोसायटीचं पीककर्ज उसाच्या बिलातनंच वळतं होतं, थकवायला जागाच नसते. 2019 ची दोन लाखांची माफी थकलेल्यांना. वेळेत भरणाऱ्यांना 50 हजारांचं प्रोत्साहन जाहीर झालं आणि पैसे यायला 2022 उजाडलं. 2008 च्या माफीत तर अनेकांची आधी कर्जं माफ झाली, मग मंजूर मर्यादेपेक्षा जास्त उचल होती म्हणून तीच अपात्र ठरली. हां, पीककर्जावरची व्याजसवलत आम्ही घेतो, ती कशाला नाकारू?

खताचं आम्ही पूर्ण मान्य करतो. युरियाची 45 किलोची पिशवी 266 रुपये 50 पैशांना मिळते, ती अनुदानामुळंच. रक्कम कंपनीच्या खात्यात जाते, फायदा आमच्या शेतात येतो. त्या स्वस्ताईच्या आणि पाटपाण्याच्या जोरावर आम्ही शिरोळ तालुक्याकडची काही जमीन क्षारपड, म्हणजे मिठानं नापीक, करून ठेवली, हेही दाजींनी लिहायला हरकत नव्हती.

वीज फुकट आहे ती साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना, एप्रिल 2024 पासून. पंचगंगा-भोगावती नद्यांवरनं शेतापर्यंत पाणी उचलून देणाऱ्या सहकारी उपसा संस्थांच्या मोटारी त्याहून कितीतरी मोठ्या. त्यांचं बिल येतंच, आणि पाणीपट्टीतनं आमच्याकडनंच वसूल होतं. रात्रपाळीच्या लाईटला पाणी पाजायला बॅटरी घेऊन कोण जातं, ते सोडा.

टॅक्सबद्दल एवढंच: शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, बरोबर. पण कीटकनाशकाच्या बाटलीवर 18 टक्के जीएसटी आहे, आणि दुकानदारासारखा तो आम्हाला वळता करून मिळत नाही.

दाजींना खरंच राग काढायचा असेल तर माझ्या शेजारच्या तीस गुंठ्यांवर काढावा. मालक शहरात, बारा हजार त्यांच्या खात्यात. ऊस लावणारा ती फाळ्यानं, म्हणजे मालकाला खंड देऊन, करतो; सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही, म्हणून दोन्ही योजनांत तो नाही. आणि ते मालक कोण, हे दाजींना चांगलं ठाऊक आहे.