बारा म्हशींची गुहा

आमचे आप्पा कुठलाही मोठा आकडा म्हशींत मोजतात. थोरल्या बहिणीचं लग्न साडेचार म्हशींत उरकलं, माझी मोटारसायकल म्हणजे एक म्हैस. त्यामुळे 'पाण्याखालच्या गुहेतलं डायव्हिंग : अंदाजे खर्च' अशा मथळ्याखाली वहीत मांडलेली बेरीज बारा लाखांच्या पुढं गेलेली बघून ते चष्मा वर सारत एवढंच म्हणाले, "बारा म्हशी. गोठा येगळा."

हे खूळ डोक्यात शिरलं 2018 च्या जुलैमध्ये. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा पोरं आणि त्यांचा कोच अडकले होते, आणि आमचं कोल्हापूरचं सगळं उद्यमनगर लेथ बंद करून मोबाईलवर तेच बघत होतं. पाणी उपसायच्या कामात मदतीला किर्लोस्करांची माणसं गेली म्हटल्यावर तर आमच्यात आणि थायलंडमध्ये फरकच उरला नाही, किर्लोस्करवाडी काय, शेजारच्या जिल्ह्यात. पण पोरांपर्यंत पहिल्यांदा पोचले ते दोन इंग्रज. एक अग्निशमन दलातून निवृत्त, दुसरा कॉम्प्युटरवाला. दोघंही हौशी! हौशी म्हणजे फावल्या वेळात, स्वस्तात, असा माझा समज. फाउंड्रीत हिशेब लिहिणाऱ्या माणसाचा असा समज व्हावा, हे आमच्या मालकांना कळलं नाही ते बरं.

गुहेत डोक्यावर छत असतं. काही बिनसलं तर साध्या डायव्हरसारखं सरळ वर येता येत नाही, आलात तसं मागं जायचं. म्हणून सगळं दोन-दोन लागतं. टाक्या दोन, श्वास घ्यायचे रेग्युलेटर दोन, मास्क दोन. बॅटऱ्या मात्र तीन, त्यातली मुख्य एकटीच हजार डॉलरच्या आसपास. ("एक म्हैस," आप्पा.) फ्लोरिडातल्या झऱ्यांचं पाणी बारा महिने 22 अंशांच्या आसपास. ऐकायला बरं वाटतं, पण तासन् तास त्यात राहिलं की दातखीळ बसते, म्हणून आत पाणी शिरू न देणारा ड्रायसूट, दोन-तीन हजार डॉलर. ("दोन म्हशी. एक गाभण.") सोडलेला श्वास शुद्ध करून परत देणारं रीब्रीदर नावाचं यंत्र असतं, त्याची किंमत मी आप्पांना सांगितलीच नाही. बीपीची गोळी व्हायची होती.

आणि हे झालं नुसतं सामान. शिक्षणाची शिडी वेगळी. बालवाडी मालवणात होईल, घाट उतरला की झालं. मग ॲडव्हान्स्ड, नायट्रॉक्स (म्हणजे जास्त ऑक्सिजनवाली हवा), रेस्क्यू. मग केव्हर्न, म्हणजे तोंडाचा उजेड दिसतोय तिथपर्यंतच. मग इंट्रो, मग फुल केव्ह. वरच्या इयत्तांना फ्लोरिडा नाहीतर मेक्सिको गाठायचं, विमानभाडं आपलं. इतकं करून तिथं पोचावं, तर कित्येक गुहांच्या तोंडाशी यमदूताचं चित्र काढलेली पाटी : या गुहेत जीव गमवावा असं काहीही नाही. मी ती बायकोला कौतुकानं वाचून दाखवली. हे माझं चुकलंच.

"बघा, त्येच सांगत्यात," ती म्हणाली.

मी विषय बदलून एक तृतीयांशाचा नियम काढला. टाकीतल्या हवेचा एक हिस्सा आत जायला, एक बाहेर यायला, तिसऱ्याला हात लावायचा नाही. तो अडचणीसाठी, आणि मुख्य म्हणजे जोडीदाराची हवा संपली तर त्याच्यासाठी.

"मग मी सोळा वर्षं काय करतोय?" बायकोनं परातीतली कणीक मळता मळता विचारलं. "एक हिस्सा घरच्या हप्त्याला, एक खायाप्यायला आणि तिसऱ्याला हात लावाय देत न्हाई. तुम्ही आता त्योच मागाय लागलाय. आणि त्यो जोडीदाराच्या अडचणीला असतोय म्हणालासा न्हवं? मग मी हाय अडचणीत. लेकीची कॉलेजची फी हाय."

आप्पांना खर्चापेक्षा अपमान जास्त झोंबला होता. त्यांच्या तरुणपणी विहिरीत घागर पडली की त्यांनाच बोलावणं यायचं. गळाला लागली नाही तर घागर कपारीत गेली म्हणायची. कपार म्हणजे विहिरीच्या पोटातली, पाण्याखालची पोकळी, आम्ही पोरं तिच्या नुसत्या नावानं घाबरायचो. आप्पा दम धरून आत हात घालून चाचपायचे. सामान : लंगोट, एक. मोबदला : मिसळ, एक प्लेट, जास्त रश्श्यासकट. मलाही त्यांनी पाठीला पाच लिटरचा डबा बांधून त्याच विहिरीत ढकललं होतं, फी न घेता. "आन् तू पैसं दिऊन कपारीत जानार?"

धीर दिला तो आमच्या टर्नरनं. "भावा, नाद करायचा न्हाई. काय लागतंय त्ये चित्र दाव, लेथवर काढून देतो." बाकी सगळं त्यालाही पेलणारं नव्हतं, पण गुहेत परतीची वाट सापडावी म्हणून सोडत जायचा दोरा गुंडाळायचं रीळ त्यानं दोन दिवसांत नायलॉनच्या ठोकळ्यातून असं वळवून दिलं की परदेशी कंपनीनं लाजावं. खर्च चारशे रुपये आणि दोन चहा. वर पत्र्याचे त्रिकोणी बाण कापून दिले. गुहेतल्या दोऱ्यावर असे बाण अडकवतात, टोक बाहेर जायच्या वाटेकडं. दोऱ्याला मी दर दहा फुटांवर गाठ मारली, अंतर मोजायला. शास्त्र आहे ते.

कोर्समध्ये पाण्यात उतरायच्या आधी जमिनीवर सराव असतो : डोळे बांधायचे, अंगठा आणि तर्जनीचं कडं दोऱ्याभोवती धरायचं आणि दोरा न सोडता बाहेर पडायचं. गाळ उठला की आत काहीच दिसत नाही, म्हणून. (दिसत नसलेल्या पाण्यासाठी रंकाळा फुकट होता, पण जलपर्णी आडवी आली.) रात्री साडेअकराला बायकोची ओढणी डोळ्यांवर घेतली. पहिली गाठ अंगणातल्या नळाला, दुसरी दाराच्या कडीला, पुढं फ्रीज, शिलाई मशीन, आप्पांच्या खाटेचा पाय. अगदी नियमानुसार. फ्रीजपाशी पोचलो आणि दोरा थरथरला. आप्पा लघवीला उठले होते.

दोऱ्यात गुरफटलात तर झटापट करू नका, थांबा, असं पुस्तकात असतं. आप्पांनी ते वाचलेलं नव्हतं. तांब्या गडगडला, मशीनवरचा डबा पडला, "कोन हाय रं त्यो!" अशी आरोळी उठली आणि काठी अंधारात बरोबर माझ्या नडगीवर बसली. दोरा मात्र मी सोडला नाही.

सकाळी रीळ गायब. गच्चीवर गेलो तर दोरा या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणलेला, आणि त्यावर आख्ख्या घराचं धुणं. बायको म्हणते, दर दहा फुटांवर गाठ असल्यानं हँगर घसरून एका जागी गोळा होत नाहीत, असली दोरी महाद्वार रोडला शोधून मिळायची नाही. बाणसुद्धा तिनं काढले नाहीत, नुसते फिरवले, जिन्याच्या दिशेनं.

परवा तिन्हीसांजेला एकदम सर आली. लाईट गेलेली. आप्पा वर होते. पाचेक मिनिटांनी खांद्यावर सगळं धुणं टाकून अंधारातनं एकटेच खाली आले, धोतर झटकलं आणि मला म्हणाले, "बाण बरुबर हाईत तुझं."