आण्णांचे पाय आणि गेरासिम

परवा सात रस्त्याला चहा पिताना मित्र म्हणाला, "काय बे, सारखं मरणाचंच वाचतोस. सोलापूरचं ऊन काय कमी आहे का जीव घ्यायला?" तेव्हा हसण्यावारी नेलं. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून हे लांबण. कंटाळा आला तर खुशाल पुढं सरका.

टॉलस्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' मी दोनदा वाचली. पहिल्यांदा कॉलेजात असताना, दुसऱ्यांदा गेल्या वर्षी, दवाखान्यात आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, उशाशी बसून. १८८६ सालची गोष्ट. कोर्टातला मोठा अधिकारी, वय ४५. नव्या घराचे पडदे कसे लावायचे ते दाखवायला शिडीवर चढतो, पाय घसरतो, कुशीला मार लागतो आणि पुढं त्याच जागी दुखणं धरतं. पण सुरुवात कुठून केलीय बघा. माणूस मेल्यावर. सहकारी पेपरात बातमी वाचतात आणि प्रत्येकाच्या मनात पहिला हिशोब हाच, की आता त्याची जागा कुणाला आणि आपली बढती कधी. कॉलेजात मी इथं खो खो हसलो होतो. गेल्या वर्षी नाही हसलो. आदल्याच दिवशी एक नातेवाईक नारळपाणी घेऊन आले होते आणि कॉटशेजारी उभं राहून घराच्या उताऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते विचारत होते.

इव्हानला दुखण्यापेक्षा जास्त छळतं ते घरच्यांचं खोटं बोलणं. तुम्ही फक्त आजारी आहात, बरे व्हाल. आम्ही दुसरं काय करत होतो? रिपोर्ट आईच्या पिशवीत, आणि आण्णांना सांगायचं, "सूज आहे, उतरेल."

सकाळी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतंच, 'प्रत्येक क्षण भरभरून जगा'. गुलाबाच्या फोटोसकट. माझा राग आहे त्याच्यावर. भरभरून म्हणजे काय करायचं, ते यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहून टॉवेल विणणाऱ्या माणसाला सांगून बघा. (आता हा धाग्याची उपमा देणार, असं वाटलं असेल तर नाही देत. आण्णांना धागा म्हणजे उपमा नव्हती, तुटला की माग थांबायचा.)

आपल्या गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं बघा. जन्म १९१०, चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ ला गेले. ३२ वर्षं. सोलापूरच्याच चार हुतात्म्यांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. ही आयुष्यं थोडकी होती, पण त्यांचा अर्थ कुणी विचारत नाही, तो दिसतो. त्यांना चरित्र पुरतं, पुतळा पुरतो. ज्यानं काहीच 'करून दाखवलं' नाही, त्याच्या दिवसांचं काय? इथं मला कादंबरी लागते. नेमाड्यांच्या 'कोसला'तली मनी कुणासाठी मोठी होती? एका पांडुरंगासाठी. सगळ्या जगाची टर उडवणारा तो पोरगा बहीण गेल्यावर ज्या तऱ्हेनं बोलायला लागतो, ती पानं मी आजही एका बैठकीत वाचू शकत नाही.

आणि वेळ वाढवून मिळाला असता तर? आपल्याकडं त्याचं उत्तर फार जुनं आहे. महाभारतातला ययाति मुलाचं तारुण्य घेऊन हजार वर्षं भोगतो आणि शेवटी म्हणतो, भोगून वासना शमत नाही. आण्णांना तर हजार नको होती, धाकटीचं लग्न होईस्तोवर पाहिजे होती. ते गणित ययातीतही सापडत नाही.

टॉलस्टॉयचा शेवट मला पटत नाही, हेही सांगून टाकतो. मरताना इव्हानला उजेड दिसतो. असेल. आण्णांच्या चेहऱ्यावर मला तसं काही दिसलं नाही. त्या पुस्तकातला माझा माणूस गेरासिम, त्यांच्या घरचा खेडवळ गडी. पाय उंच धरले की इव्हानला बरं वाटतं, म्हणून हा पोरगा रात्र रात्र त्याचे पाय खांद्यावर घेऊन बसतो. खोटं बोलत नाही. त्याचं म्हणणं एवढंच, मरायचं सगळ्यांनाच आहे, मग थोडे कष्ट घ्यायला काय झालं.

त्या रात्री पुस्तक मिटवलं आणि आण्णांचे सुजलेले पाय मांडीवर घेतले. आधी ओढून घ्यायला लागले. "पाय काय धरतोस, मी काय सिद्धेश्वर आहे का?" मग राहू दिले. बऱ्याच वेळानं मी म्हणालो, "आण्णा, रिपोर्ट चांगले नाहीत."

"माहीत आहे," म्हणाले. "तुझ्या आईला सांगू नको, मला कळलंय म्हणून."

मग थोडं थांबून, "आज पाण्याचा दिवस ना रे आपल्याकडं? घरी फोन लाव, पिंप भरलं का विचार."

लावला. भरलं होतं.