दोन इंचांचं प्रकरण

ऑस्ट्रेलियात पुरुषाला चाळिशी लागली की चष्म्यापाठोपाठ यूटही लागते. यूट म्हणजे पुढे चार दारांची केबिन, मागे उघडा हौदा आणि चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपण आत्ताच शेतावरून येतोय असा भाव. आमच्या घरची यूट नवऱ्याला मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या वस्तीतून रेल्वे स्टेशनपर्यंत नेते आणि संध्याकाळी परत आणते. बरेच दिवस ती सुखात नांदली. मग एकाएकी नवऱ्याला ती बुटकी दिसायला लागली.

"लिफ्ट करून घ्यावी म्हणतोय. दोनच इंच."

"कशाला?"

"नदी ओलांडताना बरं पडतं."

आमच्या जवळून वेरिबी नदी वाहते. तिच्यावर पूल आहे. चांगला पूल आहे, जाता येतं, येताही येतं. पण माणूस एकदा मनाने नदीत उतरला की त्याला पूल दाखवून उपयोग नसतो. लांब स्प्रिंगा आल्या, नवे शॉक अॅब्सॉर्बर आले आणि गाडी दोन इंच वर गेली. मी अकाउंटंट. मी तो खर्च 'करमणूक' या खात्यात टाकला. मंडळाच्या गणपतीला नऊवारी नेसून त्या गाडीत चढताना माझी जी काही करमणूक इतरांना झाली, तिचे पैसे मात्र कुणी दिले नाहीत.

या उंचीची खरी किंमत कळली ती कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, आल्यावर. एका निवृत्त जोडप्याकडून आम्ही ती जुनी, दोन आसांची, सामानसुमानासकट अडीच टनांपर्यंत भरता येणारी घेतली. ईस्टरच्या सुट्टीत हॉल्स गॅपला जायचं होतं. सासरेही सांगलीहून आलेले होते. आबांनी उभी हयात वाळव्याकडे ऊस लावण्यात आणि तो कारखान्यावर घालण्यात घालवली. त्यामुळे मागे काहीतरी जोडून ओढायचं म्हटल्यावर त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि चपला घातल्या.

कॅरॅव्हॅन जोडायची रीत सोपी. तिच्या नाकाशी जॉकी व्हील नावाचं एक छोटं चाक असतं. त्याचा दांडा फिरवला की नाक वर जातं. मग गाडी मागे घेऊन तिच्या बुडाशी असलेला लोखंडी गोळा, म्हणजे टो बॉल, बरोबर कॅरॅव्हॅनच्या नाकावरच्या कपलिंगच्या वाटीखाली आणायचा आणि दांडा उलटा फिरवून वाटी बॉलवर बसवायची. नवऱ्याने दांडा फिरवायला घेतला. फिरवला, फिरवला, आटे संपत आले आणि शेवटच्या आट्याला वाटी कशीबशी बॉलच्या वर पोचली. बसवली. साखळ्या एकमेकींवरून आडव्या घालून शॅकलने अडकवल्या, दिव्यांचा प्लग लावला. आम्ही सगळे मागे सरून बघायला उभे राहिलो.

कॅरॅव्हॅनचं नाक आभाळाकडे आणि बूड रस्त्याकडे.

"ह्ये बरं न्हाई," आबा म्हणाले.

"थोडंसंच तर आहे," नवरा.

"थोडं?" आबा गुडघ्यावर हात ठेवून वाकले. "आरं, मागची चाकं बघ. समदा भार त्येंच्यावर बसलाय."

आबांचं निदान बरोबर होतं, हे मागाहून ज्याला ज्याला विचारलं त्याने सांगितलं. दोन आसांच्या कॅरॅव्हॅनला दोन्ही आसांवर भार वाटून देणारी जोडणी नसेल, तर नाक वर गेल्यावर मागचा आस ज्यादा ओझं उचलतो आणि त्याचे टायर तापतात. शिवाय नाकावरचा भार हलका होतो. तो साधारण एकूण वजनाच्या दहा टक्के असावा, असा इथला शिरस्ता आहे. तो फार कमी झाला की बाजूने बी-डबलसारखा मोठा ट्रक गेल्यावर कॅरॅव्हॅन शेपूट हलवायला लागते, आणि एकदा हलायला लागली की पुढच्या गाडीलाही बरोबर घेते. नाक फार खाली असलं तरी सुख नाही. पुढचा दांडा प्रत्येक उंचवट्यावर रस्ता खरडत जातो. थोडक्यात, ती सपाट हवी. फार तर नाक किंचित खाली चालेल, पण वर नको.

आता सपाट हवी म्हटल्यावर एक साधा लोखंडाचा तुकडा आणून काम व्हायला हवं होतं. पण उंचीचा प्रश्न निघाला की ऑस्ट्रेलियात सल्ल्याचा पाऊस पडतो. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, मागच्या स्प्रिंगांत एअरबॅग, म्हणजे हवेच्या पिशव्या, भर. दुसरा म्हणाला, चुकूनही भरू नकोस, यूटची चासी वाकते. तिसरा म्हणाला, वेट डिस्ट्रिब्युशन हिच (हिच म्हणजे गाडी आणि कॅरॅव्हॅन यांच्यामधला लोखंडी सांधा) लाव; त्याच्या लवचीक दांड्या मागचा भार उचलून पुढच्या चाकांवर टाकतात. चौथा म्हणाला, ती लावलीस तर गाडीची उंची परत बदलणार, म्हणजे आधी ती लाव, मग उंची मोज, मग हिच घे, मग परत मोज. नवऱ्याला ही शेवटची सूचना सगळ्यात आवडली, कारण तीत खरेदी दोनदा होती.

दुकानात त्याचा जीव एका हिचवर बसला. लाल रंगाची, भोकाभोकांची, खीळ काढून हवी तेवढी खाली-वर करता येणारी. तो मला तिचे फोटो पाठवायचा. मी ऑफिसात ताळेबंद जुळवत असताना फोन वाजायचा आणि स्क्रीनवर एक लाल लोखंड यायचं. गाडी वर न्यायला एकदा पैसे दिले, आता तीच गाडी खाली आणायला दुसऱ्यांदा देणार. नोंद कुठल्या खात्यात करावी, हे मला शिक्षणाने शिकवलेलं नव्हतं.

"आधी मोजा," मी म्हटलं. "मोजल्याशिवाय एक डॉलर सुटणार नाही."

मोजायला सपाट जागा हवी. आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरतो. सुपरमार्केटचं पार्किंग बघायला सपाट, पण पावसाचं पाणी जावं म्हणून तेही गटाराकडे कललेलं. नवऱ्याने फोनवर लेव्हलचं अॅप उघडलं. आबांनी अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी धरली. मी घरातून बुडबुड्याची स्पिरिट लेव्हल आणलेली. तिघांची तीन मतं पडली आणि आम्ही तीन वेगवेगळ्या दिशांना उतार दाखवू लागलो. शेवटी टेनिस कोर्टाशेजारी एक सरळ पट्टा मिळाला. तिथे बाटली, फोन आणि बुडबुडा यांचं पहिल्यांदा एकमत झालं.

आता काम माझ्याकडे आलं, कारण टेप माझ्या हातात होती. कॅरॅव्हॅन सुटी करून लेव्हल तिच्या चासीच्या पट्टीवर ठेवली (आतल्या पलंगावर नव्हे, पलंग कुणी कसा ठोकलाय देव जाणे) आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत आबांनी जॉकी व्हील फिरवलं. जमिनीपासून कपलिंगच्या वाटीच्या आतल्या माथ्यापर्यंत मोजलं: ४७० मिलिमीटर. मग त्याच पट्ट्यावर गाडी उभी करून जमिनीपासून बॉलच्या माथ्यापर्यंत मोजलं: ५४५.

"पंचाहत्तर!" नवऱ्याचे डोळे चमकले. लाल हिच पंचाहत्तर सहज उतरते.

तेवढ्यात शेजारचे आजोबा कुत्रा फिरवत आले. ते निवृत्त झाल्यावर बायकोला आणि कॅरॅव्हॅनला घेऊन हायवे वनवरून सगळा देश फिरून आलेत. साडेचौदा हजार किलोमीटरचा तो रस्ता. तेव्हापासून कुणाचाही टो बॉल दिसला की ते थांबतात. त्यांनी आकडे ऐकले, कुत्र्याला खांबाला बांधलं आणि म्हणाले, "मेट, ही रिकामी गाडी. कॅरॅव्हॅन टेकली की मागून खाली बसणार. बॉलवर किती येणार? अडीचशे किलो?"

"अडीचशे."

आजोबांनी नवऱ्याकडे, मग आबांकडे, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

पुढच्या मिनिटाला तिघे पुरुष गाडीच्या मागच्या पायरीवर दाटीवाटीने उभे होते. आबा मध्ये, हौद्याची कड घट्ट धरून. आजोबांना मराठी येत नाही आणि आबांना इंग्रजी, त्यामुळे दोघं एकमेकांशी अतिशय अदबीने मान हलवत होते. टेनिस खेळणाऱ्या दोन मुली थांबून बघायला लागल्या. मी त्या सहा पायांच्या मागे गुडघे टेकून टेप लावली.

"हलू नका कुणी!"

"मी न्हाई हलत. ह्यो हलतोय."

५२०. म्हणजे पंचवीस खाली बसली. पाचशेवीसमधून चारशेसत्तर गेले, उरले पन्नास. पन्नास मिलिमीटर म्हणजे, गणित सोडून द्या, दोन इंच. मी उठून नवऱ्याकडे पाहिलं. तो टेनिस कोर्टाकडे बघत होता.

यापुढे गोष्ट लाल हिचकडे वळायची ती आजोबांमुळे वळली नाही. ते खाली उतरले, ओणवे झाले आणि बॉल ज्या लोखंडी जिभेवर बसवलेला असतो ती बोटाने ठोकून बघितली. इथे तिला टंगच म्हणतात. आमची टंग वरच्या बाजूला पंचवीस मिलिमीटर वळलेली होती. गाडी मुळात बुटकी होती, तेव्हा ती तशीच हवी होती. वर छापलेल्या वजनाच्या आकड्यांशेजारी ती दोन्ही बाजूंनी वापरता येईल अशी खूणही होती.

"उलटी कर," आजोबा म्हणाले.

पंचवीस वर होती, ती पंचवीस खाली. झाले पन्नास. खर्च शून्य.

मी जन्मात कुठल्या ताळेबंदाकडे इतक्या प्रेमाने पाहिलं नसेल. नवऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र सुतक. त्याने क्षीण प्रतिकार केला की अॅडजस्टेबल असलेली बरी, उद्या गाडी आणखी... मी त्याच्याकडे पाहिलं आणि 'आणखी'च्या पुढचं वाक्य त्याने गिळलं.

टंग उलटी करायची तर बॉल काढून दुसऱ्या बाजूला बसवावा लागतो. बॉलखालचा नट असा गच्च होता की नवरा पान्यावर लटकला तरी तो ढिम्म. नट कशाने गंजला आहे, यावर नवरा दोन मिनिटं बोलला. आबांनी ऐकून घेतलं, गॅरेजमध्ये गेले आणि बागेतल्या जुन्या नळाचा लांब पाइप घेऊन आले. पान्याच्या दांडीवर पाइप सरकवला, टोकाला दोन्ही हात ठेवले आणि अंगाचा भार टाकला. कर्रर्र. लोखंडातून तांबडा भुगा पडला, नट पाव फेरा फिरला आणि शेजारचे आजोबा टाळ्या वाजवायला लागले. घट्ट करायच्या वेळी मात्र आजोबांनी आबांना आवरलं आणि घरातून टॉर्क रेंच आणली. नट किती आवळायचा याचाही इथे आकडा असतो, हे कळल्यावर आबांनी माझ्याकडे पाहून नुसत्या भुवया वर केल्या.

कॅरॅव्हॅन परत जोडली. आबा लांब जाऊन बाजूने उभे राहिले आणि एक डोळा मिटून बघत राहिले. आमच्या लग्नात मांडवाचा खांब त्यांनी असाच बघितला होता.

"आता ब्येस."

बॅकस मार्शनंतर चढ लागतो. मी बाजूच्या आरशात बघत होते. कॅरॅव्हॅन शहाण्यासारखी मागून येत होती. अर्थात स्वयंपाकघराचं सामान कुठे ठेवायचं यावरही निघताना एक लढाई झाली होती. तांदूळ, गव्हाचं पीठ, दोन कुकर मी नेहमीप्रमाणे पुढच्या पेटीत भरले होते, आणि तो सगळा भार बॉलवर जातो म्हणून नवऱ्याने ते उचलून आसांच्या वर, मधल्या कपाटात नेले. त्यामुळे बॅलरॅटला चहा करायचा तर गाळणं कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. आबा मागच्या सीटवरून ट्रकांकडे बघत होते. "आमच्याकडं दोन ट्रॉल्या ऊस लावला की ट्रॅक्टरचं त्वांड वर येतंय," ते म्हणाले. "त्वांड वर आलं की स्टेरिंग द्येवाच्या हातात. मग डायवर नुसताच बसून असतोय." नवऱ्याने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात जरा घट्ट केले.

हॉल्स गॅपला पोचलो तेव्हा साइटवर कांगारू चरत होते. ते हलले, आम्ही लागलो. आणि कळलं की साइट डावीकडे उतरती आहे.

इतका खटाटोप करून जी कॅरॅव्हॅन रस्त्यावर सपाट केली, ती गाडीपासून सुटली की नव्याने सपाट करावी लागते. डाव्या चाकांखाली रॅम्पची पाचर, मग पुढून जॉकी व्हील. नाहीतर फ्रिज चालत नाही. कॅरॅव्हॅनमधला गॅसवर चालणारा फ्रिज बिनकॉम्प्रेसरचा असतो. त्यातलं अमोनियाचं पाणी आपल्या उताराने फिरतं, त्यामुळे गाडी तिरकी राहिली तर ते अडकतं आणि थंडावा येत नाही. हे मी आबांना सांगितलं, कारण त्यांनी सकाळच्या ताकासाठी विरजण लावायला सांगितलं होतं. ऐकताच त्यांनी दांडा स्वतःकडे घेतला. मी आत सिंकजवळ लेव्हल धरून उभी.

"अजून थोडं, आबा."

"आता?"

"बुडबुडा पुढे गेला. अर्धा फेरा मागे."

"ह्यो कुठं गेला?" आबांनी खालून विचारलं.

मी खिडकीतून पाहिलं. नवरा शेजारच्या साइटवरच्या एका लाल, भोकाभोकांच्या हिचपाशी उकिडवा बसून तिच्या मालकाला किंमत विचारत होता.